थारच्या मागच्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग : फिटिंग आणि हवेचं गणित

सामान भरलं की थार मागून बसते, हे ज्यांनी कॅम्पिंगसाठी गाडी लोड केलीय त्यांना सांगायला नको. पाण्याचे कॅन, तंबू, किचनची पेटी, अडकलेली गाडी बाहेर काढायचं रिकव्हरीचं सामान, एवढं चढवलं की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात आणि वरंध घाटात प्रत्येक खड्ड्याला मागे धाडकन आवाज. पूर्ण एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी थेट हवेच्या बॅगा, ही भारी गोष्ट आहे, रेंज रोव्हरने 1992 मध्येच ते 4x4 मध्ये आणलं, पण त्यात कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह ब्लॉक, हाइट सेन्सर एवढा पसारा येतो आणि डोंगरात एखादी बॅग फुटली तर गाडी तिथेच बसते. म्हणून मी कंपनीची स्प्रिंग तशीच ठेवून तिच्या आत बसणाऱ्या, हवा भरायच्या बॅगा घेतल्या (अपघातात फुगणारी एअरबॅग नव्हे), 2020 नंतरच्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आहे त्यामुळे हे जमतं (जुन्या थारला मागे पाटे होते, त्यांचं किट वेगळं). बॅग गेली तरी स्प्रिंगवर घरी येता येतं.

फिटिंग अवघड नाही पण घाईचं काम नाही. चासी स्टँडवर घ्यायची, चाक काढायचं, शॉकअपचा खालचा बोल्ट सोडला की ॲक्सल खाली येतो आणि स्प्रिंगचे वेढे उघडतात, फक्त ब्रेकच्या नळीवर ताण येत नाहीये ना ते बघायचं. बॅगेतली सगळी हवा दाबून काढायची, तोंडाला टोपण लावायचं, गुंडाळी करून वेढ्यांमधून आत सरकवायची आणि टोपण काढलं की ती आपोआप फुलते. थंडीत बॅग कडक असते, गरम पाण्यात बुडवली की ऐकते. नळी नव्या ब्लेडने एकदम सरळ कापायची, कैची किंवा पक्कड वापरली की टोक चेपतं आणि फिटिंगमधून बारीक गळती लागते, जी साबणाच्या पाण्याशिवाय दिसतच नाही. सायलेन्सरपासून नळी लांब.

दोन्ही बॅगांना एकच नळी जोडून देतो असं गॅरेजवाले म्हणतात, काम पटकन होतं म्हणून. मी ठाम नाही म्हणालो. वळणावर बाहेरच्या बाजूवर वजन येतं, तिथली हवा दुसऱ्या बॅगेत पळते आणि गाडी उलट जास्त कलते. दगडांत चाक खाली लटकून जमिनीला टेकायला जोडलेली नळी बरी पडते हे खरं आहे, पण आमचा निम्मा प्रवास घाटाचा, आणि माझी किचनची पेटी एका बाजूला असते, त्यामुळे तिकडे 3-4 पीएसआय जास्त लागतात. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह.

आता ट्यूनिंग, खरी मजा इथेच आहे. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवा, जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा मध्ये गडबड करते. मग सामान भरा आणि ती उंची परत येईपर्यंतच हवा भरा, त्याच्या वर नाही. माझ्या बॅगेची रेंज 5 ते 35 पीएसआय, फुल लोडला 20 च्या आसपास काम होतं. बॅगेत हवा अगदी थोडी मावते, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या होजने एका झटक्यात जास्त जाते, सायकलचा पंपच बरा, आणि गेज लावून काढताना 1-2 पीएसआय सुटतात तेही धरून चला. 35 अंशाच्या दुपारी भरलेले 20, पहाटे 10 अंशाला साधारण 17 दिसतात, ती गळती नव्हे.

स्पीडब्रेकरवरून हळू जा, मागची बाजू एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. दोनदा डोलली तर हवा जास्त झालीय, कारण बॅगेने स्प्रिंग कडक केली पण शॉकअप तोच आहे. उंची वाढवायला म्हणून हवा ठासून भरणारे बघितले की वाईट वाटतं, मागचं चाक उंच दगडावरून उतरताना खाली लटकतच नाही आणि ग्रिप जाते. सामान उतरवलं की 5 वर आणा, पण शून्य कधीच नको, रिकामी बॅग वेढ्यांत चिमटून फाटते. आणि कागदावरची लोड कपॅसिटी बॅगेने एक किलोही वाढत नाही, ॲक्सल आणि ब्रेक तेच आहेत.

पावसाळ्यानंतर चाकं काढून स्प्रिंगच्या आतला चिखल पाण्याने धुवून टाका, वाळलेली माती आणि बारीक खडी बॅगेला बाहेरून पॉलिश पेपरसारखी घासते.