दीडशे केबी

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी चार टीबीची नवी डिस्क आणली. लावल्याबरोबर कॉम्प्युटरने ३.६३ टीबी दाखवले. मुलगी म्हणाली, "बाबा, फसवलं आपल्याला." कुणी फसवलेलं नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. तिला ते समजावलं आणि जुन्या तिन्ही डिस्का कॉपीला लावल्या.

पहिली डिस्क १९९८ ची, ४.३ जीबीची. "जन्मभर पुरेल," असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. दोन वर्षांत गाण्यांनीच ती भरली. त्याआधी फ्लॉपी. दोन बाजू, बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६०. हा गुणाकार अजून तोंडपाठ आहे, कारण तेवढ्यातच भागवावं लागे. काय न्यायचं नि काय ठेवायचं, ते आधी ठरायचं. १९५६ साली आयबीएमने जी पहिली डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फुटी ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आजच्या फोनमधला एखादा फोटो तिच्यात जेमतेम बसला असता.

फोटोंचंही तसंच. रोलमध्ये ३६. गावी गेलो की शेवटचे दोन आरतीसाठी राखून ठेवायचे, असा घरातला नियम होता. आता गेल्या दिवाळीच्या एका दिवसाचे ४१२ निघाले, त्यातले १९ एकाच आकाशकंदिलाचे. जोडीला सुप्रभातवाली फुलं, तीच फुलं चार ग्रुपांवरून आलेली. त्यांनी किती जागा खाल्ली याचं मला काही वाटत नाही, जागा स्वस्त झाली आहे. त्यांच्याखाली काय गाडलं जातं, याचं वाटतं.

नऊच्या सुमारास 'मोबाईल बॅकअप जुना २' या फोल्डरमध्ये एक एएमआर फाइल, म्हणजे जुन्या फोनवरच्या रेकॉर्डिंगची, दिसली. नावाच्या जागी नुसते आकडे. लावली, तर आईचा आवाज.

आई २०११ साली गेली. तिचं एक रेकॉर्डिंग जुन्या फोनमध्ये होतं हे मला आठवत होतं, पण फोन बिघडला तेव्हाच ते गेलं असं मी धरून चाललो होतो. ते कुठेही गेलं नव्हतं. एका डिस्कवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर मीच ते वाहत आणलं होतं, न उघडता.

एक मिनिट चाळीस सेकंद. आई हिला गोड्या मसाल्याचं प्रमाण सांगतेय. "दगडफूल आधी निवडून घे गं, कचरा असतो त्यात." मागे कुकरची शिट्टी. फाइल जेमतेम दीडशे केबीची. अशा नऊ एका फ्लॉपीत मावल्या असत्या, आणि या नव्या डिस्कवर अडीच कोटींहून जास्त मावतील. माझ्याकडे एकच आहे.

कॉपी मध्येच थांबवली. ती फाइल आधी वेगळी काढली, 'आई, गोडा मसाला' असं नाव दिलं, तीन ठिकाणी ठेवली. मग हिला हाक मारली. हिने दोनदा ऐकलं आणि डायरीत तिळाचं प्रमाण दुरुस्त केलं.

शिट्टी चालू असताना आई खोबऱ्याबद्दल काहीतरी म्हणते, ते नीट लागत नाही. उद्या हेडफोन लावून ऐकायचं आहे.