ग्लासातला शिरा

रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, घरात सगळे आडवे आणि मला काही केल्या झोप येईना, म्हणून कपाटातनं ग्लेनलिव्हेट व्हिस्की काढली, १२ वर्षंवाली. भर दुपारी? हो, भर दुपारी. चमचाभर पाणी घातलं, ग्लास नाकाशी नेला आणि एकदम पंगतीतच जाऊन बसलो.

त्याचं असंय, की या व्हिस्कीबद्दल कंपनीवाले स्वतःच सांगतात हिच्यात अननस लागतो म्हणून. जाणकार मंडळी ग्लास गोलगोल फिरवून पेअर, हेदर आणि अजून काय काय हुंगतात, त्यातलं हेदर, म्हणजे तिकडचं रानफूल, मी जन्मात पाहिलेलं नाही, तेव्हा ते माझ्या नाकाला सापडायचा प्रश्नच नाही. पण अननस म्हटलं की पुण्यात वाढलेल्या माणसाला फळ थोडीच आठवतं, शिरा आठवतो. कार्यालयातला, पिवळाजर्द, वाढप्याने मूद पाडून वाढलेला.

मे महिना, एरंडवण्यातलं कुठलंतरी कार्यालय, कुणाचीतरी मुंज. पुढे मंगलाष्टकं चाललेली आणि आम्ही पोरं मागे भटारखान्यात. आचारी उघडाबंब, खांद्यावर पंचा, त्याच पंचाने घाम पुसत पातेल्यात रवा परतत असायचा. अननसाच्या फोडी नावापुरत्या, खरा कारभार फळीवरच्या इसेन्सच्या बाटलीचा. एवढीशी काचेची बाटली, पत्र्याचं टोपण, त्या टोपणानेच मोजून ओतायचं आणि लगेच झाकण ठेवायचं, वास जाऊ द्यायचा नाही. मग रिकामं टोपण आमच्यापुढे धरायचा, "हुंगा, पण जीभ लावायची नाही रे." नाकातून थेट टाळूला झिणझिण्या. एकदा मी बोट लावलंच, तर संध्याकाळपर्यंत त्या बोटाला वास, आई हात धू म्हणाली की मी बाकीची चार बोटं धुवायचो.

नंतर कधीतरी कॉलेजात कळलं की तो इथाइल ब्युटिरेटचा वास. एस्टर. खऱ्या अननसातही तेच असतं, इसेन्समध्येही तेच. आणि तिकडे स्कॉटलंडात बार्लीचं गोड पाणी आंबवत ठेवतात तेव्हा यीस्ट हे असलेच फळांच्या वासाचे एस्टर तयार करतं. म्हणजे माझं नाक काही अगदीच वाया गेलेलं नाही. मला तर वाटतं आमच्या त्या आचाऱ्याला टेस्टिंगला बसवायला हवा होता, त्याने पहिल्या हुंगण्यात सांगितलं असतं टोपण जास्त पडलंय की कमी.

आमचा एक मित्र आहे, त्याला हे सगळं पटत नाही. त्याला आयला या स्कॉटिश बेटावरची धुरकट लागते, लॅफ्रॉइग वगैरे, जिचा वास घेतला की दवाखान्यात ड्रेसिंग करायला आल्यासारखं वाटतं. ग्लेनलिव्हेटला तो 'नवशिक्यांची' म्हणतो. म्हणू दे. आठवडाभर चांदणी चौकातून जायचं-यायचं, वर ऑफिस, त्यानंतर ग्लासानेही माझी परीक्षा घ्यावी अशी माझी मुळीच इच्छा नसते. ही बिचारी गोडगुलाबी घशाखाली उतरते, काही सिद्ध करायला लावत नाही आणि घरी खरी किंमत सांगता येते. परवडण्याची माझी व्याख्या एवढीच.

गंमत म्हणजे इतक्या गरीब स्वभावाच्या व्हिस्कीचा मूळपुरुष दोन पिस्तुलं घेऊन फिरायचा. जॉर्ज स्मिथ. १८२३ च्या कायद्याने परवाना काढून दारू गाळणं परवडायला लागलं, याने १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात पहिला परवाना काढला आणि आजूबाजूचे चोरून गाळणारे पेटले, भट्टी जाळून टाकतो म्हणाले. शेवटी ॲबरलोरच्या जमीनदाराने त्याला पिस्तुलांची जोडी दिली. आपल्याकडे महाराष्ट्रात उलटं, इथे गाळणाऱ्याला लागतोच पण पिणाऱ्यालाही परवाना लागतो. १९४९ चा कायदा आहे, एका दिवसाचं परमिट मिळतं, आयुष्यभराचं मिळतं, आणि कारण काय तर प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! माझं आयुष्यभराचं परमिट पाकिटात असतं. आजवर कुणी मागितलेलं नाही, तरी एकदा तरी कुणीतरी मागावं असं फार वाटतं.

असो. शुक्रवारी तो धुरकट मित्र येणारे. तो माझ्या ग्लेनलिव्हेटमध्ये सोडा ओतणार, मी काही बोलणार नाही, ओत बाबा. फक्त बर्फ त्याचा त्याने आणावा, कारण आमच्या फ्रीजमधल्या बर्फाला कालपासून सांबाराचा वास येतोय.