कळसूबाईला सोबत

रविवार, ७ डिसेंबर

भाच्याने आज पुन्हा विचारलं, "मावशी, या थंडीत तरी कळसूबाई होणार का?" होणार, म्हणाले. कुणाबरोबर, ते मात्र सांगता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची रात्र अजून अंगावर येते. एका ग्रुपबरोबर गेले होते. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे तीनला चढायला सुरुवात केली आणि पहिल्या शिडीनंतर माझ्या पोटरीत गोळा आला. सगळ्यांना माथ्यावर सूर्योदय गाठायचा होता. "या तुम्ही सावकाश मागून," असं म्हणून बॅटऱ्यांची रांग वर निघून गेली. पुढच्या शिडीच्या पायथ्याशी पाऊण तास एकटी बसले. हातमोजे नव्हते. लोखंडी कठड्याला हात लावला की गारठा कोपरापर्यंत चढायचा, बोटांनी धरलंय की सुटलंय तेच कळेना. उजाडल्यावर तिथूनच खाली उतरले. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि माझं निम्म्यावर राहिलेलं.

म्हणून यंदा आधी माणसं, मग तारीख.

बुधवार, १० डिसेंबर

चार फोन केले. जुन्या मैत्रिणीच्या घरी सुनेचं बाळंतपण आहे. एकीचे गुडघे. ऑफिसमधला एक जण लगेच तयार झाला, नियमित पळणारा आहे. म्हणाला, "दोन तासांत वर पोचवतो तुम्हाला." चांगला माणूस आहे, पण हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात त्याला वगळलं. मला पोचवणारा नको आहे.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी दळण घेऊन जिन्यात भेटल्या. सहज बोलले. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी येऊ का हो ताई? आयुष्यात डोंगर चढले नाहीये, पण चालायला कंटाळत नाही."

रविवार, १४ डिसेंबर

आज तिघं मलंगगडाला जाऊन आलो. कल्याणहून जवळ, वाट पायऱ्यांची आणि वर्दळीची. पाय कसे पडतात ते बघायला बरं. भाचा पहिल्या टप्प्यातच भरभर पुढे गेला. मला धस्स झालं. वळणावर आलो तर तो बसलेला, पाण्याची बाटली उघडून आमच्यापुढे धरलेली. पुढचे सगळे टप्पे तो आमच्या मागून चालला, न सांगता.

वहिनी दमतात तेव्हा थांबतात आणि तसं सांगतात. हे मला फार मोलाचं वाटलं. अंधारात मागचा माणूस दमलाय हे पुढच्याला दिसत नाही. घसाऱ्यावर पाय सरकतो तो बहुधा न सांगता रेटत राहिलेल्या माणसाचा.

एका पायरीवर टेकलो असताना त्यांना कळसूची गोष्ट सांगितली. कोळ्याची पोर, इंदोऱ्याला पाटलाच्या घरी कामाला राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही अट घालून. एके दिवशी तीच कामं करायला लावली, तेव्हा ती सगळं सोडून डोंगरावर निघून गेली. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एकटीच गेली ना. कुणी मागे नाही गेलं तिच्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

ठरलं. शनिवारी दुपारची कसारा लोकल, तिथून घोटी, घोटीहून बारी. रात्री गावातच मुक्काम. ज्यांच्या ओसरीवर झोपायचं त्यांना फोन केला, पिठलं-भाकरी सांगितली. त्यांचा मुलगा वाट दाखवायला येईल. "वर वारा लई असतो, कानाला बांधा काहीतरी," म्हणाले.

सूर्योदयाचं ठरवलेलं नाही. पहाटे तीनऐवजी पाचला निघू. अमावस्येच्या सुमारास चंद्र नसतो, त्यामुळे निम्मी वाट तरी उजेडात मिळावी. ऊन वर आल्यावर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसले आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकलं, तरी मला ते सूर्योदयाइतकंच हवं आहे.

सॅक भरली. नवे सेल, गूळ-शेंगदाणे, इलेक्ट्रॉल, क्रेप बँडेज. हातमोजे तीन जोड.

रात्री दहाला बेल वाजली. वहिनी दारात, हातात दोन विणलेल्या कानटोप्या, एक मरून, एक निळी. निळीचा शेवटचा धागा अजून लोंबत होता. "भाच्याच्या डोक्याचं माप अंदाजाने घेतलंय," म्हणाल्या, "उद्या घालून बघायला सांगा, सैल झाली तर रात्रीत उसवून देते."