यात कोण आहे?

रविवारी मंडईतून आणलेली पिशवी ओट्यावर उपडी केली तशी एक ढोबळी मिरची घरंगळत कडेला येऊन थांबली. बाकीच्या तिघी शहाण्यासारख्या गोल. हिचं अंग मात्र पिळवटलेलं, एक खांदा वर, पोटाला घडी, आणि खिडकीतला उजेड पाठीवरून तेलासारखा ओघळलेला. भाजीवाल्याने वजनात खपवली असणार. एरवी मी कुरकुरलो असतो. त्या दुपारी मात्र तिच्याकडे बघतच राहिलो.

कारण ही मिरची मी आधी पाहिलेली होती. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने 1930च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो. त्याचं नाव सरकारी फायलीला शोभेल असं: मिरची, क्रमांक 30. आकड्यावरूनच कळतं, गडी मिरच्यांच्या किती मागे लागला होता ते. मागे पुठ्ठा लावून बघितला, कापड लावून बघितलं, जमेना. शेवटी पत्र्याचं नरसाळं आडवं ठेवून त्याच्या तोंडात मिरची बसवली आणि पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या अंगाखांद्यावर पसरला. लोकांना त्यात पैलवानाची पाठ दिसते, मिठी दिसते, आणखीही पुष्कळ काही दिसतं. वेस्टन या अर्थ लावण्याला वैतागायचा. त्याआधी पाच वर्षं, मेक्सिकोत असताना, त्याने संडासाचं भांडंही असंच भक्तिभावाने काढलं होतं. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात फार वेळा येतो.

तर नरसाळं. घरभर शोधलं. आमच्या लहानपणी ते दाराआडच्या खिळ्याला टांगलेलं असायचं, रॉकेलच्या वासाचं, हात लावला की आई आधी हात धुवायला पिटाळायची. रेशनच्या रांगेत डबा माझ्या हातात आणि नरसाळं ताईच्या. घरी गॅस आला आणि ते कधी गेलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता सापडलं ते निळं प्लास्टिकचं. शेवटी डाळीचं पातेलं आडवं केलं.

मी हे कुणाला सांगितलं नसतं, पण आमच्या कॅमेरावाल्या मित्रमंडळात ‘आपली नजर सापडली पाहिजे’ हे वाक्य चहाइतकंच वारंवार येतं. नजर शोधायला मंडळी सप्टेंबरात कासला जातात, आषाढात वारीला. वारीत एक सुरकुतलेली म्हातारी गाठायची, चेहरा जवळून घ्यायचा, रंग काढून टाकायचे, खाली लिहायचं ‘आस’. मीही काढलाय. माझ्याच्या खाली ‘ओढ’ लिहिलंय, एवढंच वेगळेपण. आणि तिकडे प्रागचा योसेफ सुडेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, 1940पासून चौदा वर्षं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, काचेपलीकडचं वाकडं झाड, बस. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. पावसात तेही बरे दिसतात म्हणा.

बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे त्यांचा हिशेब लग्नातल्या पंगतीसारखा चोख. गणपतीला चार, आत्याचे लोक आले की दोन, शाळेच्या बक्षिसाला एक. मागच्या लाल काचेतून आकडा बघायचा मान माझा. एका मे महिन्यात कॅमेरा ओसरीवर राहिला आणि मागच्या दारी आजीचं लुगडं दोरीवर वाळत होतं. वारा भरून ते पुढे आलं होतं, आणि जिथे विरलं होतं तिथून ऊन आरपार येत होतं. मी खटका दाबला.

महिन्याने फोटो धुऊन आले. बाबांनी एकेक बघत शेवटी हा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

“यात कोण आहे?”

मी गप्प.

“अरे, यात माणूस कुठाय? एक अख्खा फोटो फुकट!”

आजीने चष्मा पुसून फोटो डोळ्यांजवळ नेला. “हे तर माझं लुगडं! फाटकंच कशाला काढलंस रे मेल्या? पेटीत इरकली होतं की.”

तिला खरोखर वाईट वाटलं होतं. फाटकं सगळ्यांना दिसणार म्हणून. मला ते विरलेलंच हवं होतं, पण हे तिला कसं सांगायचं ते सुचेना. आज सांगता येईल का, तेही ठाऊक नाही. तो फोटो काही अल्बमात चिकटवला गेला नाही. त्यानंतर मी बरीच वर्षं लोकांना ओळीत उभं करून, उंच माणसं मागे, लहान मुलं पुढे, असेच फोटो काढले. सगळ्यांचे डोळे उघडे आले की आपण जिंकलो.

पातेल्यातल्या मिरचीचे मोबाइलवर एकेचाळीस फोटो झाले. पडदा ओढून, पडदा सोडून, टाचा उंचावून. वेस्टनला एकेका फोटोसाठी शटर कितीतरी वेळ उघडं ठेवावं लागे. मी एकेचाळीस काढले तरी अर्धा तास झाला नव्हता. त्यातल्या चाळीसांत मिरची आहे. एकात काहीतरी जरा वेगळं आहे, किंवा माझा हात हलला असेल.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिला तोच दाखवला.

“काय आहे हे?”

“मिरची.”

“ते दिसतंय. पण पातेल्यात का?”

वेस्टनही काम झालं की फोटोतल्या भाज्या खाऊन टाकायचा, हे मी तिला सांगितलं. मग द्या इकडे, म्हणाली. रात्री पीठ पेरून भाजी झाली. असल्या वाकड्या मिरचीच्या बिया काढताना किती त्रास होतो, ते जेवताना दोनदा ऐकून घेतलं.