जवारीची टेप आणि एलपी मोड

माझं कोल्हापुरात जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन द्यायचं काम आहे. आधी लग्नाचं शूटिंग करायचो, 2003 पासून, मग सगळं मेमरी कार्डावर गेलं, पोरं डीएसएलआर घेऊन मांडवात उतरली आणि मी हळूहळू मागं सरकत सरकत या खुर्चीत येऊन बसलो. लोक पिशवीत व्हीएचएस, मिनी डीव्ही (हँडीकॅमची छोटी कॅसेट) असलं काय काय घेऊन येतात, मुंज, बारसं, साठीशांत. बहुतेक वेळा टेप घाला, चालू करा, तासाभरानं काढा, एवढंच काम. म्हणून मागच्या पावसाळ्यातली ती केस डोक्यातून जात नाही.

मिरजेहून एक चाचा आले, साठीचे असतील. तिथल्या तंतुवाद्यवाल्यांपैकी, म्हणजे घरात पिढ्यानपिढ्या सतार नि तंबोरे बनवायचं काम. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्यानंतर घरातल्या पोरांना एकदम आठवलं की अब्बांचं जुनं शूटिंग कुठंतरी आहे. रुमालात गुंडाळलेली एकच मिनी डीव्ही. वर बॉलपेननं लिहिलेलं, "अब्बा जवारी". जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून वाद्याचा आवाज जुळवायचं काम.

"भाऊ, आता हे काम असं करणारं घरात कोण राहिलं नाही. मी करतो पण अब्बांसारखं नाही," चाचा म्हणाले. "पोरांना बघून शिकायचंय."

मी म्हटलं चाचा बसा, चहा सांगतो, तासाभराचं तर काम. कशाला बोललो असं झालं नंतर.

प्ले करायला म्हणून मी दोन हँडीकॅम जपून ठेवलेत. पहिल्यात टेप घातली तर स्क्रीनवर नुसते चौकोन, मधेच म्हाताऱ्याचा हात दिसतोय, मधेच अर्धा तंबोरा, आणि आवाज तर दोन सेकंद येतोय नि बंद. दुसऱ्यात घातली तर सरळ निळा पडदा. चाचांचं तोंड उतरलं. मला वाटलं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाण झालं असेल, म्हणून क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवली (दहाच, लोक ती मिनिटभर फिरवतात आणि हेडच घासून टाकतात), मग माझी स्वतःची एक टेप लावून बघितली तर ती एकदम स्वच्छ. म्हणजे कॅमेरे बरोबर होते, घोळ चाचांच्या टेपमध्येच होता.

मग लक्ष गेलं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या दोन अक्षरांकडं. एलपी, म्हणजे लाँग प्ले.

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण कुणाच्या घरात अशा टेपा पडून असतील तर उपयोग होईल. मिनी डीव्हीची पट्टी पाव इंच रुंद असते, आणि कॅमेऱ्यातलं हेडचं ड्रम मिनिटाला 9000 फेरे घेत तिच्यावर तिरप्या रेघा मारत जातं. साध्या एसपी (स्टँडर्ड प्ले) मोडमध्ये एक रेघ 10 मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाचा सातवा हिस्सा धरा. 60 मिनिटांच्या टेपमध्ये 90 मिनिटं कोंबायची तर एलपी लावायचं, मग टेप हळू सरकते आणि त्याच रेघा पावणेसात मायक्रॉनच्या आसपास येतात. चित्राची क्वालिटी त्यानं कमी होत नाही बरं का, डेटा तेवढाच असतो, सेकंदाला 25 मेगाबिट, हा गैरसमज भल्याभल्यांचा आहे. पण प्रत्येक कॅमेऱ्यातली टेपची वाट दुसऱ्यापेक्षा कणभर वेगळी असते, आणि रेघ एवढी बारीक झाली की तो कणभर फरकसुद्धा भारी पडतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड शेजारच्या रेघेत पाय टाकतं आणि मग चौकोन.

आम्ही लग्नवाले एलपीला हात लावायचो नाही. 80 मिनिटवाली टेप पण घ्यायचो नाही, तिची पट्टी पातळ असते, रिवाइंड-फॉरवर्ड जास्त झालं की भीती. एकदा एका कंपनीची टेप धरली की कॅमेरा विकेपर्यंत तीच, कारण प्रत्येकाचं वंगण वेगळं आणि मिसळलं की हेड चोंदतं असं आमच्यात पक्कं होतं. खरं किती खोटं किती सोडा, पण मुहूर्तावर हेड चोंदलं तर नवरीचा बाप काय शास्त्र ऐकून घेत नाही. आणि सोनीच्या पीडी 170 कॅमेऱ्यावर डीव्हीकॅम हा व्यावसायिक मोड लावला की 60 ची टेप 40 मिनिटांतच संपायची तरी आम्ही तेच लावायचो, जाड रेघ, 15 मायक्रॉन, कुठंही घाला चालते. घरगुती माणसाचं गणित उलटं असायचं. एका टेपला शंभराच्या वर मोजायला लागायचे, मग मेनूत एलपी दिसलं की तीस मिनिटं फुकट मिळाल्यासारखं वाटायचं. त्यांना कोण दोष देणार.

तर मी चाचांना विचारलं, हे शूट कुठल्या कॅमेऱ्यावर केलंय?

"दुल्हाभाईंचा होता, बहिणीच्या नवऱ्याचा. दुबईहून आणलेला. 2004 ची ईद."

"आता कुठं असतात?"

"इचलकरंजी. पण तो कॅमेरा... टाकला पण असेल हो."

तिथूनच फोन लावला. पलीकडून बराच वेळ माळ्यावरचे डबे सरकवल्याचा आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि मग "मिला, मिला!" मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा आला. चार्जर नाही, बॅटरी मेलेली. माझ्याकडं अडॅप्टरचं खोकंच आहे, व्होल्टेज बघून एक जुळवला, चालू केला तर स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह. आत दमट आहे असं वाटलं की कॅमेरा स्वतःला कुलूप घालतो, टेप काढायचं सोडून काहीच करू देत नाही. भर पावसात इचलकरंजीहून एसटीनं आलेला, काय करणार बिचारा. चाचा म्हणाले हेअर ड्रायर मारूया का. नको नको म्हणत एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून रात्रभर ठेवला. तांदळात ठेवतात लोक, ते करू नका, त्याचा कोंडा आत जातो.

सकाळी थेंब गेला होता. तरी चाचांची टेप लगेच घातली नाही. वीस वर्षं बंद असलेला कॅमेरा टेप गिळतो, बाहेर काढताना लूप लटकलेला असतो, हे मी रडत रडत शिकलोय. आधी एक रद्दी टेप, कुठल्यातरी लग्नाचे कच्चे तुकडे, दहा वेळा आत-बाहेर केली. मग चाचांची टेप माझ्या कॅमेऱ्यात एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं, म्हणजे ताण सगळीकडं सारखा होतो आणि म्हाताऱ्या मोटरला तेवढे कष्ट कमी. मागचं सेव्हचं बारकं बटन सरकवलेलं नव्हतं, वीस वर्षं ती टेप कुणीही पुसू शकलं असतं. ते सरकवलं आणि मग टेप त्या कॅमेऱ्यात घातली.

चित्र असं आलं की जसं कालच काढलंय. एक चौकोन नाही.

फायरवायर कार्डवाला (कॅमेऱ्याची केबल ह्यातच लागते) जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर मी अजून ह्याच्यासाठीच जिवंत ठेवलाय. टेप कॉम्प्युटरवर घ्यायचं विनडीव्ही सॉफ्टवेअर चालू केलं आणि दीड तास खुर्चीतून हललो नाही, एलपी असली तरी साडेएकोणीस जीबी झालीच. 41 व्या मिनिटाला कुणीतरी मधे टेप बघून पुढं जागा सोडून रेकॉर्ड केलेलं, टाइमकोड परत शून्यावर, तिथं दोन फाइली झाल्या. पडद्यावर अब्बा, मांडीवर तंबोरा, हाडाच्या घोडीवर बारीक कानस मारतायत, मग तारेखाली दोरा सरकवतायत, छेडतायत, मान हलवतायत, परत कानस. अर्धा अर्धा तास हेच. मला संगीतातलं कळत नाही पण एका क्षणी दोरा केसभर सरकला आणि तार अशी बोलायला लागली की अंगावर काटा आला.

आवाज मात्र 12 बिटवर होता, 32 किलोहर्ट्झ. घरगुती कॅमेऱ्यात बऱ्याचदा तेच आधीपासून लावलेलं असायचं, आम्ही पहिल्यांदा जाऊन 16 बिट करायचो. त्यात ऑटो लेव्हल, म्हणजे तार थांबली की कॅमेरा खोलीतला सगळा बारीक आवाज ओढून वर आणतो, मोटरची घरघर, खरखर. म्हणून मी हुशारी केली. जिथं तार वाजत नाही असा एक तुकडा नमुना म्हणून घेतला, सॉफ्टवेअरला सांगितलं ह्याच्यासारखं जे असेल ते सगळं काढ. एकदम शांत झालं. खूश होऊन चाचांना बोलावलं.

चाचा डोळे मिटून ऐकत बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, अब्बा हात फिरवतायत पण कानस कुठाय?"

मी नमुन्याचा तुकडा परत उघडून बघितला. त्यात अब्बा कानस मारत होते.

"आम्ही त्यानंच ओळखतो किती झालं ते," चाचा म्हणाले. "हाड तयार झालं की कानसीचा आवाज बदलतो. तारेचं नंतर."

मूळ फाइल लावली, घरघरीसकट. दहाव्या-बाराव्या मिनिटाला चाचांनी एकदम बोट वर केलं, "हां, इथं थांबले बघा," आणि पडद्यावर खरंच अब्बांनी कानस खाली ठेवली.

साफ केलेली फाइल मी डिलीट केली आणि पेन ड्राइव्हवर कच्चीच दिली. कॅमेरा अजून माझ्याकडंच आहे, सिलिका जेलच्या डब्यात. दुल्हाभाईंच्या घरी अजून सहा टेपा निघाल्यात म्हणे, सगळ्या एलपीतल्या.