शाफ्ट नवा टाका म्हणणारे आणि शाफ्ट मोजणारे

माझी गाडी मर्सिडीज २४० डी, डब्ल्यू १२३ मालिकेतली. वेग ऐंशीच्या पुढे गेला की सीटखालून बारीक थरथर यायची आणि रिव्हर्स टाकताना गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यात (बोगद्यात) ‘टक्’ व्हायचं. चाकं बॅलन्स केली, टायर पुढचे मागे केले, काहीच फरक पडला नाही.

जुन्या गाडीत थरथर म्हटली की जो तो आपापल्या आवडीचा पार्ट सुचवतो. म्हणून आधी मोजायचं ठरवलं. नव्वदच्या वेगाला गिअर बदलून पाहिला, मग न्यूट्रलवर सोडून पाहिलं. थरथर जशीच्या तशी, म्हणजे इंजिनावरचा संशय गेला. राहिली चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा. या गाडीच्या डिफरन्शियलचं (शाफ्टकडून ताकद घेऊन मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ३.६९, म्हणजे चाकाचा एक फेरा होईतो शाफ्टचे साडेतीनहून जास्त होतात. टायरचा घेर साधारण दोन मीटर धरला तर नव्वदला चाक मिनिटाला ७५० फेरे घेतं आणि शाफ्ट जवळपास २,८००. सेकंदात मांडलं तर चाकाचे साडेबारा, शाफ्टचे सेहेचाळीस. मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपमध्ये उंच रेघ सेहेचाळीसच्या आसपासच आली. ती त्याच्या दुप्पट आकड्यावर असती तर संशय शाफ्टच्या कोनावर गेला असता, कारण कोनात चालणारा क्रॉस (शाफ्टला कोनात वळू देणारा फुलीच्या आकाराचा जोड) एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो.

गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने हलवला तेव्हा मधल्या क्रॉसमध्ये खेळ स्पष्ट जाणवला. शाफ्टला मधोमध आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही चिरलेलं होतं.

खरी अडचण इथून पुढे होती. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा. दोन्ही टोकांना तीन हातांचे फ्लँज (बोल्टने जोडायची टोकं) आणि रबर कपलिंग, मध्ये सेंटर बेअरिंग आणि एकच क्रॉस. साध्या शाफ्टमध्ये क्रॉसच्या टोकांवरचे, आत सुयांसारखे रोलर असलेले कप लॉकने (स्प्रिंगच्या कडीने) अडवलेले असतात. लॉक काढा, कप दाबा, क्रॉस बाहेर. इथे कारखान्यातच योकची (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याची) धातू कपावर ठोकून बसवलेली आहे. हा क्रॉस बदलण्यासाठी बनवलेलाच नाही.

त्यामुळे जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या गॅरेजचं उत्तर ठरलेलं: “पूर्ण शाफ्टच नवा टाका.” सेकंडहँड शाफ्टही दाखवण्यात आला, पण तोही तितकाच जुना, त्याच्या सुयाही तितक्याच घासलेल्या. एका लेथवाल्याने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, “ठोकून काढतो, नवा क्रॉस बसवतो, वरून वेल्डिंगचे टाके मारतो.” क्रॉसचा मध्य कसा धरणार, असं विचारलं तर म्हणाला, “नजरेनं.” नजर चांगली असेलही, पण कपाच्या शेजारी वेल्डिंग केलं की आतलं ग्रीस भाजतं आणि कपही वाकडा होऊ शकतो. शाफ्ट उचलून निघालो.

सगळ्यात उपयोगी पडला तो काम नाकारणारा माणूस. ट्रकचे शाफ्ट दुरुस्त करणारं वर्कशॉप होतं, स्वतःचं बॅलन्सिंग मशीन होतं. मिस्त्रींनी शाफ्ट फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, आमच्या मशीनवर तीन हातांचा फ्लँज धरायची प्लेट नाही, मधल्या बेअरिंगला तिसरा स्टँड नाही. कसाबसा बांधून फिरवीन, तुम्हाला चिठ्ठी मिळेल, बॅलन्स मिळणार नाही.” कोणाकडे काय विचारायचं तेही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर ‘जुन्या गाडीचं काम करता का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. फोनवर विचारायचो ते एवढंच: दोन तुकड्यांचा शाफ्ट जोडलेल्या अवस्थेत बॅलन्स होतो का, फ्लँज कशात धरता, आणि ठोकलेला क्रॉस काढल्यावर नव्याचा मध्य कशाने साधता. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रश्नालाच समोरचा गप्प व्हायचा.

शेवटी जिथे काम दिलं तिथे प्रश्न त्यांनीच सुरू केले. दोन्ही तुकडे एकमेकांपासून वेगळे केलेत का? सांध्यावर खूण आहे का? (होती, काढण्याआधीच रंगाने रेघ मारली होती.) सेंटर बेअरिंग नवं आणा, पण स्वतः चढवू नका. हे ऐकूनच निम्मी काळजी गेली.

त्यांनी मिलिंग मशीनवर ठोकलेली कड कापली, कप दाबून काढले आणि योकमध्ये लॉकसाठी खाच पाडली. जुन्या क्रॉसच्या दांड्यांवर सुयांच्या खाचा नखाला लागत होत्या. नवा क्रॉस बसवताना वेगवेगळ्या जाडीचे लॉक लावून तो मध्यावर आणला, आणि प्रत्येक बदलानंतर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून पाहिलं. हात लावला तर क्रॉस किंचित कडक, पण कुठेही न अडकता वळत होता. मग पूर्ण शाफ्ट, बेअरिंगसकट, मशीनवर. जी १६ हा बॅलन्सिंगचा आयएसओ दर्जा त्यांनी धरला. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना त्याचा अर्थ असा की वजनाचा मध्य अक्षापासून ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच सरकलेला चालतो. ‘नजरेनं’ हे जमणं शक्य नव्हतं. नळीवर दोन छोट्या पट्ट्या वेल्ड झाल्या आणि आधीचे-नंतरचे आकडे कागदावर मिळाले.

बसवणं मी घरीच केलं. दोन्ही रबर कपलिंग आणि सेल्फ-लॉकिंग नट नवे घेतले. रबराच्या बाजूचं टोक स्थिर धरून फ्लँजच्या बाजूने पाना फिरवायचा, नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी पिळवटतं. सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट आणि दोन तुकड्यांच्या सांध्याचा मोठा नट ढिलेच ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवून पुढे-मागे ढकलायची आणि शाफ्ट आपल्या लांबीला बसला की मगच आवळायचे. ही पायरी गाळून बेअरिंग पुन्हा लवकर खराब करून घेणारे बरेच आहेत.

नव्वदला सेहेचाळीसची रेघ आता जवळपास दिसत नाही. ती गेल्यामुळे साडेबाराची एक छोटी रेघ मात्र वर आली, म्हणजे एखादं चाक पुन्हा तपासायला हवं. रिव्हर्सचा ‘टक्’ बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. डिफरन्शियलच्या माउंटिंगचं रबर मागवलं आहे.