फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली: दशावताराच्या रेकॉर्डिंगचा माझा अनुभव

साफ करायला पाठवलेले रेकॉर्डिंगचे तुकडे ४१२. परत आले ४१२. आणि जुन्यांवर नवे टाकल्यावर फोल्डरात झाले ४५०.

हा आकडा मी आधीच बघितला असता तर पुढची सगळी तणतण वाचली असती. म्हणून पहिली गोष्ट पहिल्यांदाच सांगतो: फाइली कुठूनही कुठेही हलवा, आधी आणि नंतर फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधला फाइलींचा आकडा कागदावर लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, समोरच्या कागदावर.

काम असं होतं. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधली दशावतारी नाटकं, प्रत्येक नाटकाचे आठ ट्रॅक: पेटी, पखवाज, झांज, रंगमंचावरचे तीन माइक आणि प्रेक्षकांच्या बाजूचे दोन. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी, म्हणजे तासाला साधारण ५१८ एमबी. आठ ट्रॅक, सहा तास, की एका रात्रीचे झाले २५ जीबी. त्यातून प्रवेशवार तुकडे कापले, आणि ज्यांत जनरेटरची घरघर फार होती ते ४१२ तुकडे एका स्टुडिओकडे साफसफाईला दिले. रेकॉर्डिंग, कापणी, पाठवणं, यात सांगण्यासारखं काही नाही. ते सुरळीत झालं.

अडलं ते परत आल्यावर. रीपर या आवाज जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडला, ‘फाइल सापडत नाही’ असं काही आलं नाही, सगळं हिरवंगार. ऐकायला बसलो तर मध्येच घरघर. पुढचा प्रवेश स्वच्छ, त्याच्या पुढचा पुन्हा घरघरणारा. स्टुडिओला कळवलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडून सगळं साफ करून दिलंय, पुन्हा ऐका.’ त्यांनी पुन्हा फोल्डर क्लाउडवर चढवला, मी पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. असं तीनदा. तिसऱ्यांदा तर ‘तुमचे हेडफोन तपासा’ असंही ऐकून घेतलं. चूक त्यांची नव्हती, माझीही नव्हती, पण फोनवर दोघांनाही समोरचाच बेफिकीर वाटत होता.

चूक होती ‘ऱ’ ची.

घरघर ज्यात होती ते तुकडे एका खाली एक लिहिले तेव्हा दिसलं: वाऱ्याचा आवाज, म्हाताऱ्याचा प्रवेश, पुजाऱ्याचं गाऱ्हाणं, दुसऱ्या दिवसाची पेटी. ‘किनारा लाटा’ स्वच्छ, ‘किनाऱ्यावर लाटा’ घरघरणारा. ३८ च्या ३८ नावांत ऱ्या नाही तर ऱ्हा. फोल्डर नावानुसार लावला, तर ‘वाऱ्याचा आवाज’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या. विंडोज एका फोल्डरात एका नावाच्या दोन फाइली ठेवूच देत नाही. म्हणजे डोळ्यांना एक दिसणारी ही नावं यंत्राच्या लेखी दोन होती.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो त्या पद्धतीत, ‘ऱ’ दोन रीतींनी साठवता येतो. एक अखंड, क्रमांक ०९३१. दुसरा तुटका, म्हणजे साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता (खालचा ठिपका). पडद्यावर दोन्ही हुबेहूब. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतंत्र कळ आहे, ती अखंड ऱ टंकते. स्टुडिओकडे होता जुना मॅक. त्याच्या डिस्कचा साचा, एचएफएस प्लस, फाइलीचं नाव साठवताना असा अखंड ऱ तोडून ठेवतो. तिथून क्लाउडवर चढून विंडोजवर आलेलं नाव तुटकंच राहतं, आणि विंडोजचा डिस्कचा साचा, एनटीएफएस, नावं तंतोतंत जुळवतो, ‘दिसायला सारखं’ त्याला कळत नाही. त्यामुळे ३७४ फाइली जुन्यांच्या जागी बसल्या आणि ३८ नव्या फाइली जुन्यांच्या शेजारी गुपचूप येऊन बसल्या. प्रोजेक्ट जुन्याच नावाला बांधलेला, म्हणून तो इमानेइतबारे जुनी फाइल वाजवत राहिला. फाइल सापडली नसती तर बरं झालं असतं, निदान लाल खूण तरी दिसली असती.

ताडून बघायचं असेल तर दोन्ही नावं नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘वाऱ्या’ च्या शेवटी जाऊन बॅकस्पेस एकेकदा दाबा. अखंड ऱ असेल तर सहाव्या दाबाला शब्द संपतो. तुटका असेल तर सात लागतात, आणि मध्येच एक क्षण असा येतो की ऱ च्या खालचा ठिपका जातो आणि बोडका र मागे राहतो. तो ठिपका जाताना बघितला तेव्हा हायसं वाटलं आणि डोकंही फिरलं.

खरं तर विंडोजने मला सांगितलंही होतं. फोल्डर चिकटवताना जी खिडकी येते, तिच्यात पहिल्याच वेळी ‘या नावाच्या ३७४ फाइली आधीच आहेत’ असा आकडा होता. तीनही वेळा ती आली, तीनही वेळा मी न वाचता ‘बदला’ दाबलं.

दुरुस्ती सोपी, पण क्रम चुकवू नका. रीपर आधी बंद. संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. मग फाइली नावानुसार नाही, बदलल्याच्या तारखेनुसार लावा: साफ केलेल्या सगळ्या एका टोकाला येतात, घरघरणाऱ्या ३८ दुसऱ्या टोकाला. त्या जुन्या ३८ ‘जुने’ नावाच्या फोल्डरात हलवा. आता एफ-२ दाबून जुन्या फाइलीचं नाव कॉपी करा आणि साफ फाइलीच्या नावावर चिकटवा. नाव हाताने टंकू नका. काही फोनेटिक कळफलक ऱ्य लिहिताना र, हलन्त आणि त्याच्यानंतर एक अदृश्य जोडखूण टाकतात, ते तिसरंच नाव होतं. प्रोजेक्ट उघडल्यावर तरंग जुनेच दिसत असतील तर शेजारच्या रीपीक्स फाइली (त्यांत तरंगांचं चित्र असतं) उडवा, त्या नव्याने बनतात. त्यांत आवाज नसतो, घाबरू नका.

मी नंतर पुढचं पाऊलही उचललं: सगळ्या फाइलींची नावं रोमन अक्षरांत. तारीख, गावाची तीन अक्षरं, ट्रॅकचा आकडा, टेकचा (कितव्यांदा रेकॉर्ड केलं त्याचा) आकडा, मध्ये अंडरस्कोर. कुडाळ म्हणजे केयूडी, वेंगुर्ले म्हणजे व्हीईएन. तारीख वर्षापासून सुरू करायची, म्हणजे नावानुसार लावलं की आपोआप काळानुसार लागतं. आणि ०३ लिहायचं, ३ नाही, नाही तर कुठल्या तरी सॉफ्टवेअरात १० हा २ च्या आधी येऊन बसतो. रीपरची आरपीपी फाइल, म्हणजे प्रोजेक्टची फाइल, साधा मजकूर असते, नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून जुनं नाव शोधा, नवं घाला. देवनागरी नावं वाया जात नाहीत, ती तक्त्यात एका रकान्यात आणि रीपरमध्ये आयटमच्या नोटमध्ये ठेवायची. मंडळातल्या माणसांना ‘संकासुराचा प्रवेश’ शोधायचा असतो, टी०३ नाही. तक्ता सीएसव्हीत साठवाल तर ‘यूटीएफ-८’ वाला पर्याय निवडा, नाही तर एक्सेलमध्ये मराठीचा चिवडा होतो.

देवनागरी नावांचा आणखी एक त्रास आता आठवला. विंडोजवर बऱ्याच सॉफ्टवेअरना फाइलीचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांत लागतो, आणि ‘श्री’ हे डोळ्यांना एक अक्षर असलं तरी तिथे चार मोजली जातात. मंडळाचं पूर्ण नाव, त्यात गावाचं, त्यात आख्यानाचं असे फोल्डर केले की मर्यादा कधी संपली ते कळत नाही.

स्टुडिओकडून घेताना आधीच सांगा: वेव्ह फाइलच हवी, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच हवी, लांबी एका सॅम्पलनेही बदलायला नको. एमपी३ घेऊ नका. एनकोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि पखवाज झांजेच्या मागे पडतो.

रेकॉर्डरबद्दल. बरेच रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडतात. आपल्या हिशेबाने एका ट्रॅकला ते चार तास आठ मिनिटांनी होतं, म्हणजे रात्री साडेअकराला सुरू केलेली फाइल पहाटे साडेतीनच्या पुढे, आख्यान ऐन रंगात असताना तुटते. आवाज जात नाही. दोन तुकडे टोकाला टोक लावून ठेवा, फक्त रीपरने कडेला लावलेले बारीक फेड (आवाजाचे चढ-उतार) काढून टाका, नाही तर सांध्यावरची थाप खचते. आणि कार्ड बदललं की बऱ्याचदा नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर. दोन कार्डं एका फोल्डरात ओतलीत तर पहिली रात्र दुसरीच्या खाली गेली म्हणून समजा.

रीपरमधलं ‘प्रोजेक्ट फोल्डर साफ करा’ हे बटण एका फोल्डरात एकच प्रोजेक्ट असेल तरच दाबा. त्याला उघडा असलेला प्रोजेक्ट तेवढा दिसतो. शेजारच्या नाटकाच्या फाइली त्याच्या लेखी कचरा.

कॉपी टेराकॉपी या सॉफ्टवेअरने, पडताळणी चालू ठेवून. पावसाळ्यात करत असाल तर यूपीएसवर, आणि डिस्क एनटीएफएस ठेवा. एक्सएफएटी या दुसऱ्या साच्याला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, कॉपी चालू असताना लाइट गेली तर फोल्डरची यादीच विस्कटू शकते. आमच्याकडे जूनमध्ये लाइट जाणार की नाही हा प्रश्न नसतो, किती वाजता जाणार एवढाच असतो.

ते ‘जुने’ फोल्डर अजून ठेवलंय. ३८ फाइली. या वेळी मोजून.